ठिबकच्या गोडाऊनमध्ये स्मार्ट चष्मा घ्यावा का?

प्रश्न धुळ्याचा आहे. अवधान एमआयडीसीत ठिबक आणि पीव्हीसी फिटिंगचं गोडाऊन, तीन हजारांच्या वर आयटम, माल काढणारी अकरा पोरं. सीझनला दिवसाला अडीचशेच्या आसपास ऑर्डरी, एका ऑर्डरीत सरासरी दहा ओळी, म्हणजे दहा वेगवेगळे आयटम. बिलिंग टॅलीवर. शंभर ओळींत दोन चुकतात, डीलर फोनवर ओरडतात, परतीचा टेम्पो रिकामा येत नाही. एका विक्रेत्याने स्मार्ट चष्म्याचा डेमो दिला, तो बघून मालक भारावलेत. विचारतायत, ‘पोरांच्या चुका थांबतील का, आणि पैसे वसूल होतील का?’

मी जळगावला वीस वर्षांपासून हेच काम करतोय. आधी डाळीचं गोडाऊन, मग पाईप-फिटिंगचं, आता दोन-तीन ठिकाणची गोडाऊनं बघतो. चार चष्मे आम्ही दोन महिने वापरून पाहिलेत, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. पण तुमचं गोडाऊन मी बघितलेलं नाही. रॅकची मांडणी, छताची उंची, पोरं किती टिकतात यावर उत्तर बरंच हलतं, हे धरून वाचा.

आधी मला तुमचा प्रश्नच थोडा फिरवू द्या. तुम्ही म्हणता पोरं चुकतात. दिवसाला अडीच हजार ओळी, त्यातल्या पन्नास चुकीच्या. या पन्नास कुठल्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी मेख तिथे आहे. आमच्याकडे मी एका जुन्या वहीत महिनाभर प्रत्येक चूक लिहायला लावली: काय मागितलं, काय गेलं, रॅकवरच्या कुठल्या बिनमधून (डब्यातून) गेलं. वाटलं होतं, घाईत पोरं भलत्या रॅकवर हात घालत असतील. तसं फार कमी निघालं. बहुतेक वेळा पोरगा बरोबर बिनपाशी गेला होता, बिनमध्येच माल चुकीचा होता. डीलरकडून परत आलेलं २० एमएमच्या जॉइनरचं पोतं कोणीतरी संध्याकाळी घाईत १६ च्या बिनमध्ये ओतलेलं. किंवा ताशी ४ लिटर पाणी सोडणाऱ्या ड्रिपरमध्ये ८ लिटरचे मिसळलेले. आता अशा बिनसमोर कितीही भारी चष्मा घालून माणूस उभा करा, चष्मा म्हणणार ‘पत्ता बरोबर’, आणि चुकीचा माल निघणार. आधी हाताने निघायचा, आता तंत्रज्ञानाने निघेल एवढंच.

चष्मा नेमकं काय करतो ते सरळ सांगतो, कारण डेमोमध्ये ते झगमगाटात हरवतं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात नखाएवढा पडदा असतो. त्यावर बिनचा पत्ता, आयटमचं नाव, कधी फोटो, आणि नग. माणूस बिनपाशी जातो, चष्म्याच्या कॅमेऱ्याने किंवा बोटातल्या रिंग स्कॅनरने बारकोड वाचतो, पडद्यावर हिरवी खूण येते, पुढची ओळ येते. हातात कागद नाही, पेन नाही, दोन्ही हात मोकळे. बस. याला पिक-बाय-व्हिजन म्हणतात. ही कल्पना चांगलीच आहे, मी तिची टिंगल करत नाही.

विक्रेत्याने तुम्हाला २५ टक्क्यांचा आकडा सांगितलाच असेल, सगळेच सांगतात. तो आकडा खोटा नाही. डीएचएल या मालवाहतूक कंपनीने रिको या ग्राहकाच्या नेदरलँड्समधल्या बर्गेन ऑप झूमच्या गोडाऊनमध्ये हा प्रयोग केला आणि २०१५ च्या सुरुवातीला जाहीर केला. दहा माणसं, तीन आठवडे, वीस हजारांहून जास्त नग, नऊ हजार ऑर्डरी, आणि कामात २५ टक्के वाढ. पुढे जास्त ठिकाणी वापरल्यावर त्याच कंपनीने सरासरी १५ टक्के सांगितले. मला हा दुसरा आकडा जास्त खरा वाटतो. आणि लक्षात घ्या, अशा गोडाऊनमध्ये चष्मा येण्याआधीच बिनला पत्ता, मालाला बारकोड आणि स्टॉकचा हिशेब सिस्टिममध्ये असतो. चष्म्याने त्यावर कळस चढवला. आपल्याकडे पाया भरायचाय.

१५ टक्के कुठून येतात याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. गोडाऊनच्या पुस्तकांत माल काढणाऱ्याच्या वेळेची एक ठरलेली फोड देतात: निम्मा वेळ चालण्यात, २० टक्के शोधण्यात, १५ टक्के उचलण्या-मोजण्यात, १० टक्के कागदपत्र आणि तयारीत, उरलेला इकडेतिकडे. मी मोबाईलचं घड्याळ लावून आमच्या पोरांमागे दोन दिवस फिरलो, आमचंही गणित याच्या जवळपासच निघालं. आता चष्मा यातलं काय कमी करतो? शोधण्यातला अर्धा धरा, कागदातला अर्धा धरा. झाले १५. चालण्याच्या निम्म्या वेळाला तो हातही लावत नाही. तो कमी करायचा असेल तर जास्त खपणारा माल दरवाज्याजवळ आणा, आणि एका फेरीत चार ऑर्डरींचा माल चार क्रेटमध्ये काढा. आम्ही ग्रोमेट (रबरी कडी), टेक-ऑफ, एंड कॅप आणि जॉइनर ही छोटी फिटिंग मागच्या भिंतीवरून उचलून पॅकिंग टेबलाच्या समोर आणले. खर्च एक रविवार आणि पोरांची शेवभाजी.

आता आमचे दोन महिने. मुहूर्त चुकीचा काढला हे आधीच कबूल करतो. आम्ही चष्मे एप्रिलमध्ये आणले. तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे मे महिन्यात पूर्वहंगामी कापसाची धांदल, लगेच मृग बागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीची तयारी, म्हणजे ठिबकवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि त्यात ऊन. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली वरच्या रॅकजवळ काय होत असेल याची कल्पना करा. दुपारी तीनच्या सुमाराला एक पोरगा चष्मा काढून माझ्यासमोर उभा. म्हणाला, ‘भाऊ, डोकं दुखी ऱ्हायनं.’ मी चष्मा हातात घेतला तर दांडीचा जाड भाग, ज्यात प्रोसेसर असतो, तो कानशिलाला टेकवता येत नव्हता. पडद्यावर गरम झाल्याची सूचना, उजेड आपोआप मंद केलेला. मी तो कूलरसमोर ठेवला. दहा मिनिटांनी शोधतोय तर चष्मा गायब. दुसऱ्याने उचलून घातला, पाणी प्यायला जाताना ग्रोमेटच्या बिनमध्ये काढून ठेवला, वरून कोणीतरी नवीन पाकीट रिकामं केलं. हजारो काळ्या रबरांतून काळा चष्मा काढायला तीन माणसं लागली. म्हणून विक्रेत्याकडून पहिला कागद मागा तो माहितीपत्रकाचा, आणि त्यात कमाल किती तापमानापर्यंत चालतो ते वाचा. थंड देशातल्या गोडाऊनचा व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका.

बॅटरीचंही तसंच. कॅमेरा सारखा स्कॅन करत राहिला की आमची बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतही पोचेना. मग खिशात पॉवर बँक आणि मानेमागून वायर. ती वायर रॅकच्या हुकात अडकायची. शेवटी कॅमेऱ्याने स्कॅन करणं बंदच केलं आणि बोटात रिंग स्कॅनर दिले. बॅटरी दुपार काढू लागली आणि स्कॅनही पटकन व्हायला लागलं, कारण खालच्या रॅकमधल्या अंधारात कॅमेरा बारकोड धरायला वेळ घ्यायचा. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की आपल्याला झालेल्या फायद्यातला मोठा वाटा या बोटातल्या अंगठीचा आहे.

डोळ्यांबद्दल कोणी सांगत नाही ते सांगतो. प्रत्येक माणसाचा एक डोळा जोराचा असतो. दोन्ही हात लांब करून अंगठा आणि बोटांमध्ये छोटं भोक करा, त्यातून लांबची वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू भोकातच राहते तो जोराचा. आमच्या चारांपैकी एकाचा डावा निघाला, आणि पडदा उजवीकडे. त्याला दिवसभर दोन चित्रं एकमेकांवर दिसल्यासारखं व्हायचं, डोकेदुखीची तक्रारही त्याचीच पहिली होती. काही मॉडेलमध्ये पडदा डावीकडे फिरवता येतो, ते विचारून घ्या. नंबरचा चष्मा असलेल्यांचं काय करणार तेही विचारा. शिवाय उन्हाळ्यात आपली पोरं डोक्याला रुमाल बांधतात, त्यावर चष्मा बसत नाही. टोपीला अडकवायची पट्टी मिळते, ती घ्या, आणि घामाची गादी प्रत्येकाची वेगळी ठेवा. एकाच्या घामाचा चष्मा दुसरा घालणार नाही, आणि त्याने घालूही नये.

आवाजाने हुकूम देण्याची सोय डेमोत फार छान दिसते. एसी केबिनमध्ये दिसतेच. आमच्याकडे पंखे, टेम्पोचा हॉर्न, हमालांची हाकाहाक. पोरगं ‘नेक्स’ म्हणतं, सॉफ्टवेअरला ‘नेक्स्ट’ हवं. वैतागून त्याने अहिराणीत दोन शब्द सुनावले, ते तर यंत्राला कळलेच नाहीत, बाकी सगळ्यांना कळले. आम्ही आवाज बंद करून बटणावर आलो.

एक गोष्ट मात्र चष्म्याच्या बाजूने मनापासून सांगतो. आमच्याकडे एक अण्णा आहेत, पन्नाशी उलटलेली, तीन हजार आयटम तोंडपाठ. चष्मा घातल्यावर ते मंदावले, कारण सिस्टिम सांगेल त्या क्रमाने जावं लागायचं आणि त्यांचा डोक्यातला रस्ता जवळचा होता. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘हा तुमच्या कामाचा.’ पण त्याच वेळी शिरपूरकडचा नवा पोरगा आला होता, सीझनपुरता. नव्या पोराला आमचं गोडाऊन कळायला पंधरा दिवस जातात, तोवर तो अण्णांच्या मागे फिरतो. चष्मा घालून तो तिसऱ्या दिवशी एकटा माल काढत होता, कमी चुकत होता. पत्ता समोर, नग समोर, विचारायला कोणी नको. म्हणजे तुमच्याकडे दर सीझनला निम्मी पोरं नवी येत असतील तर चष्म्याचं गणित वेगळं, आणि तीच अकरा माणसं दहा वर्षांपासून असतील तर वेगळं. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण उत्तराचा अर्धा भाग यावर आहे.

फोटोबद्दलही फसू नका. पडद्यावर आयटमचा फोटो येतो म्हणून चुका थांबतील असं विक्रेता म्हणेल. मोबाईलच्या कव्हरचं गोडाऊन असेल तर थांबतीलही. पण ६३ चा एल्बो आणि ७५ चा एल्बो फोटोत सारखाच दिसतो. १६ चा जॉइनर आणि २० चा जॉइनर तर जुळे भाऊ. आम्ही फोटो काढून टाकले आणि पडद्यावर फक्त मापाचा आकडा मोठा केला, बिनच्या पाटीवरही तोच आकडा तेवढाच मोठा. १६ ला निळी पाटी, २० ला पिवळी. आणि सुटा माल बंद करून ग्रोमेट, टेक-ऑफ सगळं पन्नास-शंभरच्या पाकिटात, पाकिटावर बारकोड. सुट्या ग्रोमेटवर बारकोड लावता येत नाही, म्हणून सुट्या मालात स्कॅनर फक्त बिन ओळखतो, माल ओळखत नाही. पाकीट असेल तर मालही ओळखतो. या एका बदलाने आमची वही निम्मी रिकामी राहायला लागली. मोजण्यातल्या चुकांसाठी नग मोजणारा वजनकाटा घ्या, चष्म्याच्या मानाने फारच स्वस्त पडतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: चष्मा कागद आणि शोधाशोध वाचवतो, नव्या पोराला लवकर तयार करतो. चालणं वाचवत नाही, आणि बिनमध्ये चुकीचा माल असेल तर तो चुकीचाच काढून देतो.

आता सॉफ्टवेअर. तुम्ही बिलिंग टॅलीवर करता असं लिहिलंय. टॅलीत गोडाऊननिहाय स्टॉक ठेवता येतो, पण ‘या आयटमचे ४० नग रॅक सी, तिसरा खण, बिन सात’ या पातळीवर पोरांना वाट दाखवायला वेगळं गोडाऊन सॉफ्टवेअर लागतं, आणि दोघांची सांगड घालावी लागते. चष्म्याच्या किमतीपेक्षा ही सांगड जास्त महाग पडू शकते, म्हणून कोटेशनमध्ये ती वेगळी लिहून मागा. त्याआधी आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या आयटमची मूळ यादी, साफ करा. आमच्याकडे ‘एल्बो ६३’ आणि ‘६३ एल्बो’ असे दोन आयटम होते, दोन मुनिमांनी दोन वर्षांत केलेले, स्टॉक दोन्हीकडे अर्धा अर्धा. आणि मास्टरमध्ये ‘ग्रोमेट’ लिहिलं तरी पोरं त्याला रबरच म्हणतात. पडद्यावर त्यांचा शब्द दाखवा, देवनागरीत. ही सोय नसेल तर ते सॉफ्टवेअर आपल्यासाठी नाही.

वाय-फाय तपासायला विक्रेत्याची गरज नाही. मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावा आणि प्रत्येक गल्लीतून चाला. लोखंडी रॅकमध्ये जिथे कॉल अडकतो तिथे चष्माही अडकेल. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, लाईट गेल्यावर अकरा माणसं थांबली तर कागदच बरा होता म्हणायची वेळ येते.

कंपनी टिकेल का हेही बघा. गुगलने आपल्या ग्लास या स्मार्ट चष्म्याची कामासाठीची आवृत्ती २०१७ मध्ये आणली, २०१९ मध्ये दुसरी आणली, आणि मार्च २०२३ मध्ये विक्रीच बंद केली. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या होलोलेन्स २ या चष्म्याचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. एवढ्या मोठ्यांचं हे, तर बाकीच्यांचं काय सांगावं. म्हणून सॉफ्टवेअर असं घ्या जे साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतं. चष्मा बंद पडला तर तोच स्क्रीन मनगटावरच्या फोनवर येईल आणि काम थांबणार नाही. उघडपणे स्वस्त दिसणारा, बिलाशिवायचा परदेशी माल नको. वाय-फाय-ब्लूटूथच्या वस्तूला आपल्याकडे डब्ल्यूपीसी या सरकारी विभागाची मंजुरी लागते, तिचा कागद बघा.

कॅमेऱ्याचा विषय टाळू नका. आमच्याकडे पॅकिंगला बाया आहेत. पहिल्याच दिवशी त्यातल्या एका मावशींनी विचारलं, ‘हा आमचे फोटो काढतो का?’ प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, याची मला लाज वाटली. आम्ही मग व्हिडिओ रेकॉर्डिंग सेटिंगमधूनच बंद केलं, जेवणाच्या सुट्टीत चष्मे पेटीत ठेवायचे असा नियम केला, आणि पॅकिंग टेबलाकडे चष्मा घालून जायचं नाही. मालकाला पोरांवर नजर ठेवायला चष्मा हवा असेल तर तसं पोरांना स्पष्ट सांगा, नाहीतर घेऊ नका. घोड्यावर (शिडीवर) चढताना आणि फोर्कलिफ्टच्या वाटेत चष्मा कपाळावर, हा नियमही पहिल्या दिवसापासून. कोपऱ्यातला पडदा वाचणाऱ्याला समोरून येणारं चाक उशिरा दिसतं.

तर तुमच्या जागी मी काय करेन? या सीझनला चष्मा घेणार नाही. आतापासून बिनचे पत्ते, रंगीत पाट्या, पाकिटं, मास्टरची साफसफाई. परत आलेला माल बिनमध्ये टाकताना स्कॅन सक्तीचा, आणि तो टाकणारा माणूस एकच. मग चार पोरांना मनगटावर फोन आणि बोटात रिंग स्कॅनर. सीझन ओसरला की, म्हणजे पोळ्याच्या आसपास, कांदेबागेची, म्हणजे केळीच्या पुढच्या लागवडीची गर्दी सुरू व्हायच्या आत, विक्रेत्याला म्हणायचं: दोन चष्मे सहा आठवडे भाड्याने दे, विकत नंतर बघू. ते दोन फक्त छोट्या फिटिंगच्या गल्लीत, कारण पाईप काढणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, सहा मीटरचा पाईप खांद्यावर असताना पडदा कोण बघतो. एक चष्मा जुन्या माणसाला, एक नव्याला. आणि तुलना कागदाशी करू नका, रिंग स्कॅनरवाल्यांशी करा. कागदाशी केली तर काहीही जिंकेल.

चष्मा रिंग स्कॅनरपेक्षा ठळक पुढे गेला, विशेषतः नव्या पोरांत, तर घ्या, आणि तेव्हाही अकरा नकोत, चार-पाच घ्या. शक्यता अशी आहे की तुमच्या पन्नास चुकांतल्या बऱ्याच त्याआधीच गेलेल्या असतील.

एक काम आजच करा. गेल्या आठवड्यातले परतीचे चलान काढा आणि चाळीस-पन्नास चुका एका कागदावर लिहा: मागितलेला आयटम, गेलेला आयटम, बिन, काढणारा जुना की नवा. तो कागद इथे टाका. डीलरची नावं खोडून टाका, बाकी जसा आहे तसा चालेल. त्यावरून कुठल्या गल्लीत चष्मा कामाचा आणि कुठे नुसतीच पाटी बदलायची, हे मी तुम्हाला ओळीनिशी सांगू शकेन.